कपातीनंतरचं मनोबल शिबिर, दोन दिवस, त्र्यंबक रोड : ५ पैकी २ स्टार, आणि तेही बहुतेक पीएफवाल्या सरांचे

नाशिकमध्ये सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, कुठंही नोकरीला असाल आणि तुमच्याकडं माणसं कमी करणं चालू असेल तर हे वाचून ठेवा, कारण आज ना उद्या एचआरचा मेल येणार आहे की उरलेल्या लोकांसाठी दोन दिवसांचं शिबिर ठेवलंय, बसची सोय आहे, येणं कम्पल्सरी आहे. एचआरवाले कोणी वाचत असतील तर त्यांनी तर नक्की वाचा, पैसे तुमचेच जाणारेत. एजन्सी पुण्याची आहे, हेच पॅकेज बऱ्याच ठिकाणी देतो असं त्यांच्याच पोरानं चहाच्या वेळी सांगितलं. नाव लिहीत नाही कारण त्यांचं नाव लिहिलं की आमची कंपनी कोणती ते लगेच कळेल आणि मला अजून तिथंच राहायचंय. का राहायचंय हाच खरं तर या सगळ्यातला मुद्दा आहे, त्यावर येतो.

जागा आणि जेवण पटकन उरकून टाकतो. जागा मस्त. पावसाळ्याचे दिवस, खिडकीतून अंजनेरी ढगात गेलेला दिसतो, हिरवंगार सगळं. नाश्त्याला मिसळ होती, काळ्या रश्शाची, पापड आणि दही मागेल तेवढं, त्याला मी पूर्ण मार्क देतो. दुपारचं पनीर पाणचट. हॉलचा एसी एवढा गार की मेन्टेनन्सचे आमचे एक काका दोन्ही दिवस टॉवेल गुंडाळून बसले होते आणि ट्रेनरला वाटलं त्यांना बरं नाहीये.

आता थोडं आमच्याबद्दल, नाहीतर रिव्ह्यू कळायचा नाही. अंबडची कंपनी, गाड्यांचे पार्ट बनवतो, मी क्वालिटीला आहे. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं २ टक्के म्हणजे साधारण बारा हजार लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा आमच्याकडं चहाला हसत होते सगळे, आयटीवाल्यांचं काय, लॅपटॉप काढून घेतला की विषय संपला, आपल्याकडं मशीन आहे, मशीनला माणूस लागतोच. मग एक ऑर्डर गेली आणि आमच्याकडं सुरू झालं. पहिली कॉन्ट्रॅक्टची पोरं गेली, आणि गंमत म्हणजे ती कपातीत मोजलीच नाहीत, ठेकेदारानं रात्री फोन करून सांगितलं उद्यापासून येऊ नको, झालं, ना पत्र ना काही. मग ट्रेनी. मग स्टाफ. स्टाफला कसं, तर सकाळी गेटवर कार्ड पंच होईना, सिक्युरिटीवाला खाली बघत म्हणे साहेब जरा एचआरला भेटून घ्या. तो सिक्युरिटीवाला पण कॉन्ट्रॅक्टचाच, त्याला आमच्यापेक्षा जास्त टेन्शन.

त्यानंतर प्लँटमध्ये जे झालं त्याला मॅनेजमेंट मनोबल खचलं म्हणते. बघायला गेलं तर कोणी रडत नव्हतं की भांडत नव्हतं. कायझेनचा, म्हणजे कामात सुधारणा सुचवायचा बोर्ड कोरा राहायला लागला एवढंच. आधी महिन्याला ढीगभर सजेशन यायची, आता कोणी कशाला देईल, तुम्ही सुचवणार की हे काम दोघांऐवजी एकात होतं आणि मग तो दुसरा कोण ते तुम्हालाच दिसणार. रिजेक्शन वाढलं. कोणी कोणाला काम शिकवेना, विशेषतः जुनी माणसं, कारण जे आपल्यालाच येतं तेच आपल्याला वाचवणार असं प्रत्येकाच्या डोक्यात. गेलेल्यांचं काम उरलेल्यांवर आलं, मी आधी एक लाइन बघायचो, आता तीन बघतो, पगार तोच. वाढदिवसाला केक आणणं बंद झालं, कोणी ठरवून केलं नाही, आपोआपच. एचआरमधून फोन आला की माणूस आधी ड्रॉवरमधल्या चाव्या खिशात घालायचा. आणि शुक्रवार आला की सगळे गप्प, कारण मागच्या दोन्ही वेळेस पत्रं शुक्रवारी निघाली होती.

त्यावर उपाय म्हणून हे शिबिर. आणि नेमकं त्याच महिन्यात कॅन्टीनचं बुधवारचं गोड बंद केलं आणि नाशिकरोडची बस कॉस्टकटिंग म्हणून काढून टाकली होती. बस नाही म्हणून जेलरोडहून स्कूटीवर भिजत येणाऱ्या पोरीला एसी बसमधून त्र्यंबक रोडला नेऊन विचारायचं की तुला कंपनीबद्दल आपलेपणा का वाटत नाही, हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे.

पहिला दिवस. ट्रेनर सर पस्तिशीतले, कॉलर माइक, बोलणं अर्धं हिंदी अर्धं इंग्रजी आणि मध्येच काय मग नाशिककर. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, त्याला धड ब्रीफिंग दिलंच नव्हतं. सुरुवातीला फुगे. प्रत्येकानं फुग्यावर आपली भीती लिहायची आणि फोडायचा. साठेक माणसं, त्यातली निम्मी चाळिशीच्या पुढची, सगळ्यांनी काय लिहिलं असेल? कोणी लिहिलं स्टेजची भीती, कोणी लिहिलं पाल, आमच्या स्टोअरच्या दादांनी लिहिलं बायको, आणि सगळे हसले. आमचे प्लँट हेड तिथंच पहिल्या रांगेत बसलेले असताना नोकरी जायची भीती असं लिहायला कोण वेडं आहे. मग डोळे बांधून मागं पडायचं आणि सहकाऱ्यानं झेलायचं, विश्वास वाढतो म्हणे. सहकाऱ्यावर आमचा विश्वास आधीपासूनच होता हो, तिथं काही बिघडलंच नव्हतं.

मग अॅप. याच्यावर एजन्सीचा फार जोर होता, पॅकेजमधली मोठी गोष्ट म्हणे हीच. भिंतीवर क्यूआर कोड, स्कॅन करा, प्रश्नांची उत्तरं द्या, संपूर्ण गुप्त, तुमचं नाव कोणालाही दिसणार नाही. स्कॅन केल्यावर पहिली स्क्रीन काय, तर एम्प्लॉयी कोड टाका. दुसरी स्क्रीन, डिपार्टमेंट निवडा. आमच्या कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजमापाची साधनं तपासायच्या डिपार्टमेंटला, आता एकच माणूस उरलाय, त्यानं हात वर करून विचारलं सर माझं गुप्त कसं राहणार, तर हॉलमध्ये एवढा हशा पिकला की त्या दोन दिवसातलं खरं टीम बिल्डिंग तेवढंच. ट्रेनर म्हणाला डेटा एकत्र करूनच जातो. असेल. पण सगळ्यांनी पाचपैकी पाच दाबले आणि फोन खिशात ठेवले. हे मी लिहितोय कारण नंतर त्याचाच रिपोर्ट आला, ते शेवटी.

जेवणाच्या आधीचं सेशन मात्र विषयाला धरून होतं. प्रश्न असा की इतकं सगळं होऊनही तुम्ही इथं का थांबलात? पिवळ्या चिठ्ठीवर लिहा आणि बोर्डवर चिकटवा. चांगला प्रश्न आहे, खरंच, मी पण स्वतःला विचारत होतो. बोर्डवर काय आलं ते तुम्हाला न बघताही सांगता येईल. टीम. ग्रोथ. शिकायला मिळतं. कंपनी म्हणजे कुटुंब. ट्रेनरनं फोटो काढला, आमच्या एचआर मॅडमनी पण काढला, सगळे खूश.

खरी उत्तरं जेवणाच्या टेबलावर निघाली आणि येताना बसमध्ये, आणि ती ऐकून मला वाटलं या माणसानं माइक काढून आमच्या टेबलावर बसायला हवं होतं.

पहिला बोलला टूलरूमचा पोरगा, त्याला पाच वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिलेत. ग्रॅच्युइटी. तो रोज मोबाइलमध्ये तारीख बघतो. पाच वर्षं सलग झाली तर हातात काहीतरी येतं, त्याच्या आधी राजीनामा दिला किंवा काढलं तरी परमनंट माणसाला शून्य, म्हणून तो कोणाशी वाद घालत नाही, सुट्टी घेत नाही, सुपरवायझरनं काहीही सांगितलं तरी हो सर. मॅनेजमेंटच्या रिपोर्टमध्ये हा पोरगा अत्यंत समर्पित म्हणून जात असेल. पाच वर्षं झाली की दुसऱ्या दिवशी तो चाकणला जाणारे.

मशीन शॉपचे एक अण्णा आहेत, बावीस वर्षं झाली, ते म्हणाले मी कशाला राजीनामा देऊ, काढायचं असेल तर काढा ना. त्यांचं गणित उलटं आहे. वर्कर कॅटेगरीतल्या माणसाला कंपनीनं कमी केलं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि झालेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो, ग्रॅच्युइटी वेगळी. आपणहून गेलं की हे पंधरा दिवसवालं काहीच नाही. म्हणून अण्णा व्हीआरएसची, म्हणजे पैसे देऊन स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेची वाट बघतायत, सही करायला बोलावलं होतं एकदा, स्वेच्छेनं राजीनामा असं टाइप केलेला कागद पुढं सरकवला, अण्णा म्हणाले चष्मा घरी राहिला. दुसऱ्यांदा पण चष्मा घरीच राहिला.

स्टाफचं तसं नाही, आणि हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं. सुपरवायझर, इंजिनियर, मॅनेजर असं पद लागलं आणि पगार ठरावीक आकड्याच्या वर गेला की बहुतेक वेळा आपण कायद्याच्या वर्करच्या व्याख्येत बसत नाही, मग अपॉइंटमेंट लेटरमध्ये जे लिहिलंय तेवढंच आपलं, एक महिना किंवा तीन महिने. युनियन नाही, सेटलमेंट नाही. प्रमोशन झालं तेव्हा पेढे वाटले होते आम्ही.

डिस्पॅचमधला एक जण म्हणाला माझं काय, पप्पांची बायपास झालीय, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आईवडील आहेत आणि जुना आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहे. बाहेर स्वतःची पॉलिसी घ्यायला गेलं तर जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबायला लावतात, आणि सत्तरीच्या माणसाचा प्रीमियम ऐकला की आपल्यालाच अॅटॅक यायचा. त्याला सिन्नरला यापेक्षा बरा पगार मिळत होता, तिथल्या पॉलिसीत पालक नाहीत म्हणून गेला नाही. पॅकिंगच्या ताई, एकवीस हजाराच्या आतल्या पगाराच्या, त्यांचं ईएसआयवर, म्हणजे सरकारी कामगार विम्यावर चाललंय, नवऱ्याची औषधं तिथूनच.

फ्लॅट तर जवळपास सगळ्यांचे. पाथर्डी फाटा, इंदिरानगर, कामटवाडे, वीस वर्षांचा हप्ता. पुण्याला जा म्हणणं सोपं आहे, इथला हप्ता आणि तिथलं भाडं दोन्ही कोण भरणार, बायकोची शाळेतली नोकरी इथं, पोरगं दहावीला. एक जण पंचवटी एक्सप्रेसनं कल्याणला रोज जाऊन बघतो म्हणाला होता, त्याला आमच्या अकाउंट्सच्या मॅडमनी, ज्यांच्या मिस्टरांनी आयुष्य त्या गाडीत काढलं, असं काही सुनावलं की विषय तिथंच मिटला.

आणि शेती. हे बाहेरच्या ट्रेनरला कधीच कळणार नाही. आमच्यातल्या कितीतरी जणांची दिंडोरीला, निफाडला, सिन्नरला दोन तीन एकर आहे, द्राक्ष आहे, भाऊ बघतो. फर्स्ट शिफ्ट सुटली की हा माणूस गाडीला किक मारून सरळ बागेत. छाटणीच्या, डिपिंगच्या म्हणजे घड औषधात बुडवायच्या दिवसात सुट्ट्या अॅडजस्ट करून घेतो, सुपरवायझर पण गावाकडचाच असतो, तो समजून घेतो. ही नोकरी सोडून चाकणला गेलं तर बाग गेली. आणि बागेवरच बसतो म्हटलं तर गेल्या वर्षी मे महिन्यापासून जो पाऊस लागला त्यानं घडच धड निघाले नाहीत, औषधाचा खर्च मात्र पूर्ण. म्हणजे पगार बागेला जगवतो आणि बागेमुळं माणूस पगाराला चिकटून राहतो. हा दिंडोरीचा मित्र पिवळ्या चिठ्ठीवर वर्क लाइफ बॅलन्स असं लिहून आला होता.

लग्नाचा पण एक आहे. पोरगं सत्तावीस वर्षांचं, स्थळं बघणं चालू आहे, बायोडाटात परमनंट असं ठळक टाइपात छापलंय. आता कंपनी सोडली तर बायोडाटा परत छापावा लागेल आणि मुलीकडचे विचारणार का सोडली, कपात होती काय. तो म्हणे हळद लागेपर्यंत तरी मी कुठं हलत नाही, पाहिजे तर चार लाइन बघायला सांगा.

काही जणांनी काहीच सांगितलं नाही. आमच्या जुन्या एसपीएमवर, म्हणजे एकाच कामासाठी खास बनवलेल्या मशीनवर, एक काका आहेत, त्या मशीनचा आवाज ऐकून सांगतात काय बिघडलंय. त्यांनी शेवटचा इंटरव्ह्यू कंपनीत लागले तेव्हा दिलेला. रेझ्युमे नाही, ईमेल मुलीचा. तसलं मशीन नाशिकमध्ये दुसरीकडं कुठं असेल असं मला वाटत नाही. ते नुसते पनीर बाजूला सारत बसले होते, आणि त्यांना ट्रेनरनं दुपारी उभं करून विचारलं, अंकल पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?

आता सांगा, यातल्या कुठल्या माणसाचं मनोबल फुगा फोडून वाढणार? यांना कोणालाच प्रेरणा कमी पडत नव्हती. सगळे रोज वेळेवर येतात, तीन माणसांचं काम करतात. त्यांना माहिती कमी पडत होती. अजून कपात आहे का, असेल तर कधी, कुठल्या हिशोबानं नाव निघतं, निघालं तर काय मिळतं. एवढे चार प्रश्न. प्लँट हेडला समारोपात कोणीतरी विचारलंच, अजून आहे का, तर ते म्हणाले सध्या तरी असा काही प्लॅन नाही, आपण सगळे मिळून पुढं जाऊ. झालं, बसमध्ये परत तीच कुजबुज, उलट जास्तच, कारण आता प्रत्येक जण त्यांच्या चेहऱ्याचा अर्थ लावत होता. मला विचाराल तर त्यांनाही माहीत नव्हतं. वरचे त्यांनाही सांगत नाहीत आणि मला माहीत नाही असं म्हणायची त्यांना परवानगी नसावी.

दुसरा दिवस सकाळ, योगा, बासरीचं म्युझिक, ठीक. काही लोक खरंच झोपले आणि त्यांना त्याची गरज होती, नाइट शिफ्ट करून आले होते.

आणि मग साडेअकराला ते पीएफवाले सर. पॅकेजमध्ये आर्थिक आरोग्य असं एक तासाचं सेशन होतं, कोणालाही अपेक्षा नव्हती, सगळ्यांना वाटलं म्युच्युअल फंड विकणार. साठीचे गृहस्थ, साधा शर्ट, कंपन्यांचं पीएफ आणि लेबरचं काम करण्यात आयुष्य गेलेलं. स्लाइड नाही, मार्कर घेतला आणि बोर्डवर गणित मांडलं. तास संपला तरी कोणी उठेना, जेवणाची वेळ टळून गेली, वेटर दोनदा बोलवायला आला.

त्यांनी जे सांगितलं त्यातलं थोडं लिहितो, उपयोगाचं आहे. ग्रॅच्युइटी काढायची तर शेवटचा बेसिक अधिक डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक डीए २६ हजार असेल तर वर्षाला १५ हजार, दहा वर्षांचे दीड लाख, कमाल मर्यादा २० लाख. सहा महिन्यांच्या वर गेलेलं वर्ष पूर्ण धरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवे लेबर कोड, म्हणजे कामगार कायदे लागू झाले, त्यात फिक्स्ड टर्मवाल्यांना, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना, एक वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय, परमनंटला पाचच वर्षं. हे ऐकून आमच्या दोन फिक्स्ड टर्मच्या पोरी एकमेकींकडं बघायला लागल्या, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आणि कपातीला सरकारची आगाऊ परवानगी लागायची ती आधी शंभर कामगारांपासून, आता तीनशेपासून, म्हणजे आमच्या साइजच्या कंपनीला ती अडचण राहिली नाही. हे पण त्यांनी सरळ सांगितलं, गोड करून नाही. हॉल शांत झाला, पण ती शांतता बरी होती, निदान काय आहे ते कळलं.

मग पीएफमधलं पेन्शन. आमच्या पेंट शॉपचा एक जण साडेआठ वर्षांवर आहे, तो म्हणाला दहा वर्षं झाल्याशिवाय सोडता येत नाही ना, पेन्शन बुडेल. सर म्हणाले अरे बाबा ग्रॅच्युइटी त्या त्या कंपनीची असते, पेन्शन तसं नाही, यूएएन, म्हणजे तुझा पीएफचा नंबर, एकच ठेव, नवीन कंपनीत ट्रान्सफर कर, दोन्हीकडची वर्षं मिळून दहा धरतात. फक्त मधे पैसे काढून टाकू नको, काढलेस तर ती वर्षं गेली. हा माणूस या एका गैरसमजापायी दोन ऑफर सोडून बसला होता. दोन. आणि पेन्शन किती तेही करून दाखवलं, पगार जास्तीत जास्त १५ हजार धरतात, गुणिले वर्षं, भागिले ७०, वीस वर्षं झालेल्याला दोन वर्षं जास्तीची धरतात, म्हणजे तीस वर्षांचे महिना सहा हजार साडेआठशेच्या आसपास, दहा वर्षांचे एकवीसशे चाळीस. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता, एवढ्यासाठी थांबलो होतो?

मेडिक्लेमचं विचारल्यावर म्हणाले ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण नोकरी असेपर्यंतच हालचाल करा, कार्ड बंद झाल्यावर नाही. आणि स्वेच्छेनं राजीनाम्याच्या कागदावर तिथल्या तिथं सही करू नका, घरी घेऊन जा, वाचा, कोणाला तरी दाखवा. अण्णांनी मागच्या रांगेतून चष्मा पुसत मान हलवली. एचआर मॅडमचा चेहरा जरा पडला पण त्यांनी थांबवलं नाही, याचं श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे. नंतर त्या स्वतः लाइनमध्ये उभ्या होत्या, त्यांचं आधारवर लग्नानंतरचं नाव आणि पीएफला आधीचं.

लाइन कसली, जेवणानंतर त्या सरांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली आणि एकेकाचा मोबाइल घेऊन यूएएन उघडून दिलं, नॉमिनी कोणाचा भरलेला नाही, एकाचं नाव आधारवर वेगळं, एकाच्या आधीच्या कंपनीचे पैसे अकरा वर्षं तसेच पडून. हॉलमध्ये ट्रेनर सर ड्रम सर्कल घेत होते, वीसेक जण ढोल बडवत होते आणि बाकी सगळे व्हरांड्यात. एसपीएमवाल्या काकांचं ईमेल उघडून दिलं त्या एजन्सीच्या पोरानं, त्याच्याही नावानं अर्धा मार्क.

परिणाम काय झाला? मॅनेजमेंटला हवा होता तसा झाला का माहीत नाही. पेंट शॉपवाला गेला, सिन्नरला लागला, जाताना पेढे देऊन गेला, कपात सुरू झाल्यापासून पहिल्यांदा कोणीतरी हसत गेलं. बाकीचे थांबलेत, पण आता का थांबलोय हे प्रत्येकाला आकड्यात माहितीये आणि त्यामुळं जरा डोकं शांत आहे, तारीख माहीत असली की माणूस काम करू शकतो. मी पण थांबलोय. फ्लॅटचे चार वर्षांचे हप्ते राहिलेत, आईचं मेडिक्लेम आहे, आणि खरं सांगायचं तर तीन लाइन बघून बघून त्यातली एक मला आवडायला लागलीय. माझी नोकरी गेली तर किती महिने निघतात ते वहीत लिहून ठेवलंय, बायकोला दाखवलंय. आधी ती रोज विचारायची काय झालं, आता नाही विचारत.

आणि अॅपचा रिपोर्ट. कॅन्टीनमध्ये पोस्टर लागलं, शिबिरानंतर एंगेजमेंट स्कोअर वाढला म्हणून, हिरवा बाण वर गेलेला. बोर्डवरच्या पिवळ्या चिठ्ठ्यांचा फोटो पण आहे त्यावर. दिंडोरीवाला रोज जेवताना त्याच्याखालीच बसतो, त्याची चिठ्ठी बरोबर मध्ये आलीय. बुधवारचं गोड अजून बंदच आहे.

तर मार्क असे. जागा आणि मिसळ चांगली पण ते एजन्सीचं कर्तृत्व नाही. ट्रेनरला अर्धा, माणूस प्रयत्न करतो आणि पुढच्या वेळी कोणाला पाच वर्षांनी कुठं असाल विचारायच्या आधी वय बघेल अशी आशा. अॅपला शून्य, एम्प्लॉयी कोड मागणाऱ्या कुठल्याही गुप्त सर्व्हेला शून्यच. दीड पीएफवाल्या सरांना आणि ईमेल उघडून देणाऱ्या त्या एजन्सीच्या पोराला मिळून, आणि त्यांना जास्त दिले असते पण ते पॅकेजमध्ये फक्त एक तास आहेत, एजन्सीला स्वतःकडं काय माल आहे हे कळलेलं दिसत नाही.

एचआरवाल्यांनो, घ्यायचंच असेल तर एजन्सीला विचारा तो आर्थिक आरोग्यवाला भाग वेगळा मिळतो का. मिळत असेल तर तेवढाच घ्या, अर्धा दिवस, आपल्याच कॅन्टीनमध्ये, सेकंड शिफ्टवाल्यांसाठी परत एकदा, कॉन्ट्रॅक्टच्या लोकांना पण बसवा कारण पीएफ त्यांचाही कापला जातो. प्लँट हेडना पहिल्या रांगेत बसवू नका. आणि वाचलेल्या पैशात नाशिकरोडची बस सुरू करा.